मळी म्हणजे रान

त्या बुधवारी सकाळी मी आणि बायकोनं मिळून वाकळा धुतल्या. दसरा तोंडावर आला की घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुऊन काढायचं, हा तिचा दरवर्षीचा कायदा. मी मोटर चालू केली. पाइपाच्या तोंडाशी दगडावर तिनं वाकळा आपटल्या आणि पिळायला मला हाक मारली. भिजलेली वाकळ एकट्या माणसाला पिळता येत नाही. एक टोक तिच्या हातात, एक माझ्या, आणि दोघांनी उलट अंगानं पीळ घालायचा. लग्न झाल्यापासून हे काम करतोय, आणि दर वेळी दोघांचे हात एकाच अंगाला फिरतात. वाकळ नुसती लोळते, पाणी काही निघत नाही.

"अवो, तुमचा हात तिकडं का फिरालाय?"

"मग कुठं फिरवू?"

"माझ्या उलट की!"

"तू आधी ठरव, तू कुठं फिरवणार हाईस."

"मी कवाच ठरीवलंय. तुमीच माझं बघून फिरवालाय."

सहा वाकळा आणि सहा वेळा हेच भांडण. शेवटी तारेवर टाकल्या. ती कमरेवर हात ठेवून बघत उभी राहिली आणि म्हणाली, "उद्या राजारामपुरीत जायाचं हाय. ध्यानात हाय न्हवं? न्हाईतर बसशीला पारावर." दुपारी जेवून जरा आडवी झाली, ती उठलीच नाही. डॉक्टर आले, हात बघितला, हृदय बंद पडलं म्हणाले. सांजच्याला नदीवर नेऊन आलो.

उत्तरकार्याला माइक लावला होता. चार जण तिच्यावर बोलले. इंदूआक्का साधी होती, भोळी होती, कधी कुणाला उलट बोलली नाही, असं म्हणाले. मला बसवेना. साधी ती नव्हती. भोळी तर नव्हतीच. आणि उलट बोलली नाही म्हणणारा माणूस आमच्या गल्लीत कधी आलेलाच नसणार. ती असती तर मांडवातच उठून म्हणाली असती, "कुणाबद्दल बोलालाय?" माणूस मेलं की त्याला धुऊन, इस्त्री करून ठेवायचं, ही कसली रीत? मी चौथी शिकलेला माणूस, मला लिहिता येत नाही नीट. पण बाई होती तशी कुणीतरी लिहून ठेवली पाहिजे. लई पिडणारी बाई होती. माझ्या डोक्याचा भुगा केला तिनं.

तिचा सगळा जीव शब्दात अडकलेला. स्वतः दुसरी शिकलेली. अक्षर अक्षर जुळवून वाचायची, पण कान भारी तीक्ष्ण. शेजारीण म्हणाली, "आक्का, पाऊस पडला की," तर ही म्हणणार, "पडला न्हाई. शिंतडलाय. पडला आसता तर तुजं पापड भिजलं आसतं." मी बाहेर जाताना "आत्ता आलो" म्हटलं आणि तासानं आलो, तर ते तिच्या लेखी खोटं बोलणं. "येतो म्हणा की. आत्ता कशापायी म्हणतासा? आत्ता म्हंजे आत्ता."

मागं एकदा कंबर धरली म्हणून कोल्हापूरला, राजारामपुरीतल्या एका डॉक्टरकडं नेली होती. दवाखान्यात ही गर्दी. डॉक्टर भला माणूस, पण घाईतला.

"आजी, कुठं दुखतंय?"

"दुखत न्हाई."

"मग आलात कशाला?"

"ठसठसतंय."

"म्हणजे दुखतंयच ना?"

"न्हवं. दुखणं सारखं आसतंय. ह्ये येतंय आन् जातंय. आन् कालधरनं हितं बाजूला सलालंय, ते येगळं."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघितलं. दोन्हीवर मिळून एकच गोळी दिली त्यांनी. बाहेर आल्यावर म्हणते कशी, "हुशार हाय मानूस. पर ऐकाय येत न्हाई त्याला."

तर अशा बाईच्या नशिबात सरकारी आयोग आला.

नदीला मोठा पूर येऊन गेला होता. त्या पुरानं लोकांचं काय काय गेलं, ते गावोगाव जाऊन ऐकायचं आणि लिहून घ्यायचं, म्हणून सरकारनं तो आयोग नेमला होता. त्यात एक अध्यक्ष, दोन मेंबर आणि लिहून घ्यायला नाईक नावाचे क्लार्क. सगळी मंडळी लांबची, मुंबईकडची. आमचं गाव शिरोळ तालुक्यात, नदीच्या काठाला. ग्रामपंचायतीच्या हॉलात फ्लेक्स लागला, पाण्याच्या बाटल्या मांडल्या. कुणी काय सांगायचं ते सरपंचांनी आदल्या दिवशीच गल्लीत फिरून सांगून ठेवलं होतं. पहिलाच गडी उठला आणि म्हणाला, "पाणी म्हशीच्या पोटाला लागलं." मेंबरनं विचारलं, "म्हणजे किती फूट?" गडी म्हणाला, "त्ये म्हशीवर हाय." अर्धा तास तिथंच गेला. मी कंटाळून बाहेर आलो आणि खिडकीपाशी चहा घेत उभा राहिलो. मला साक्षबिक्ष द्यायची नव्हती. असल्या कागदांनी कुणाचं काय झालंय आजवर?

पण तिला द्यायची होती. आमचं नदीकाठचं एक रान होतं. नदी पुरात गाळ आणून टाकते आणि पाणी ओसरल्यावर काठाला काळी, लोण्यागत जमीन उरते. तिला आमच्याकडं मळी म्हणतात. त्या मळीत ती वांगी करायची. मी उसातला माणूस, माझा त्या तुकड्याशी फारसा संबंध नाही. रोप लावण्यापासून तोडण्यापर्यंत सगळं तिचं. लग्न होऊन आली तेव्हा सासूनं तिला पहिल्यांदा त्याच रानात नेलं होतं. पुरात काठ ढासळला आणि ते रान नदीत गेलं. नुसतं बुडालं नाही, जाग्यावरनं गेलं. पाणी उतरल्यावर तिथं रान नव्हतंच, नदीच होती. ती रडलीबिडली नाही. "रान गेलं ते गेलं," म्हणाली, "पर गेलं म्हणून कुटंतरी लिवलं पायजे."

तिचा नंबर आला. मला खिडकीतनं सगळं ऐकू येत होतं.

"काय नुकसान झालं, आजी?"

"आमची मळी गेली."

"मळी?"

"व्हय, मळीचं रान. पानी आलं, आन् मळीसकट समदं गेलं. आता तितं काय ऱ्हायलं न्हाई."

नाईकांनी मेंबरकडं बघितलं. मेंबर पेपर वाचणारा असावा. साखर कारखान्यातनं जे काळं, घाण वासाचं पाणी निघतं त्यालाही मळीच म्हणतात, आणि पेपरात सारखं तेच येतं. तो हळूच म्हणाला, "कारखान्याची मळी." नाईकांची बोटं मशीनवर चालली. मला ते तेव्हा दिसलं नाही, नाईकांनीच मागाहून सांगितलं. मी बशीत चहा ओतत होतो.

जाताना नाईकांनी तिला विचारलं, "आजी, तुम्ही 'मी आलो, मी जातो' असं का हो बोलता? बाईमाणसानं 'जाते' म्हणावं ना?"

ती म्हणाली, "जाते दळाय आसतंय. मी जातो."

सगळा हॉल हसला, नाईकही हसले. मग ती कागद घेऊन खिडकीपाशी आली. "अवो, सही करायच्या आधी जरा वाचून दावा."

आणि मी काय म्हटलं? "दीड वाजालाय. पोटात कावळं वरडालेत. टाक की सही. तू बोललीस तेच लिवलं आसंल."

तिनं माझ्याकडं जरा वेळ बघितलं आणि सही केली. साडीच्या दुकानाची पावतीसुद्धा जुळवून जुळवून वाचणारी बाई ती. न वाचता केलेली तिची ती एकच सही. माझ्या पोटासाठी केलेली.

महिना झाला असेल. दोन साहेब जीप घेऊन आले. हातात बाटल्या आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या. "मळीनं खराब झालेली जमीन कुठं आहे? मातीचा नमुना घ्यायचाय." ती त्यांना घेऊन काठावर गेली आणि नदीच्या मधोमध बोट केलं.

"ती तितं."

"आजी, जमीन दाखवा."

"दावालोय की. पवता येतंय का तुमास्नी?"

त्यांनी फायलीतला कागद काढला. मी वाचला. लिहिलं होतं, "साखर कारखान्याच्या मळीमुळे माझी जमीन नापीक झाली असून तेथे आता काहीही उरलेले नाही." खाली तिची सही. तिनं मला तीनदा वाचायला लावलं. तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर एवढंच म्हणाली, "ह्ये मी न्हाई."

मला म्हणाली नाही की तुमच्यामुळं झालं. म्हणाली असती तर बरं झालं असतं. भांडून मोकळा झालो असतो.

मग आमच्या सोप्यावर जत्रा सुरू झाली. कारखान्याच्या विरोधी गटाचा एक कार्यकर्ता शाल-नारळ घेऊन आला. "आक्का, तुम्ही वाघीण हाय! आवंदाच्या मोर्चात तुम्ही पुढं चालायचं." तो बसलेला असतानाच कारखान्याच्या शेती खात्यातला माणूस आला. "मावशी, असं कसं लिवून दिलंसा? आपलाच कारखाना हाय. उसाची तोड लांबली बिंबली तर मग आमच्या नावानं वरडू नका." दोघं शेजारी शेजारी बसून एकाच तांब्यातलं पाणी प्याले. तिनं दोघांना एकच उत्तर दिलं.

"मी कारखान्याचं नावबी घेतलं न्हाई."

कार्यकर्ता म्हणाला, "आक्का, पर नदीत मळी सोडत्यात हे खरं हाय का न्हाई?"

"खरं हाय."

"मग?"

"मग मला इचारा, मी सांगतो. वास येतोय, मासं मरत्यात, समदं सांगतो. पर त्या दिवशी मी ते बोललो न्हाई. मी माझ्या रानाचं बोललो."

शाल त्याची त्याला परत दिली. नारळ तेवढा राहिला, तो तिनं चटणीत घातला.

मी तिला सांगून दमलो. "अगं, ऱ्हाऊ दे की. खोटं तर काय न्हाई त्यात. नदी घाण हाय, रान गेलंय. दोन्ही खरंच हाय." तिनं भाकरी थापायची थांबवली. "अवो, मळीनं खराब झालं म्हंजे रान जाग्यावर हाय. त्येंच्या कागदावर माझं रान हाय! नुसतं घाण झालेलं हाय. आन् माझं रान घाण झालं न्हवतं. चांगलं हुतं तसंच गेलं."

शिरोळला आयोगाचा कॅम्प होता, तिथं विचारलं तर तिचं म्हणणं बरोबर निघालं. त्यांच्याकडं दोन याद्या होत्या. वाहून गेलेली जमीन एका यादीत, खराब झालेली दुसऱ्या यादीत. हिचं रान दुसऱ्या यादीत जाऊन बसलेलं. दुरुस्ती करायची तर अध्यक्षांपुढं, आणि अध्यक्ष निघून गेलेले. "पुढल्या आठवड्यात कबनूरला या."

कबनूरला आमची लेक सुमन दिलेली. तिच्या सासरी कापडाचे माग आहेत. तिथं यंत्रमागवाल्यांच्या साक्षी चालल्या होत्या, शेडमध्ये पाणी शिरलेलं म्हणून. आम्ही मागच्या खुर्च्यांवर बसलो. सुमनच्या शेजारची एक बाई उठली. म्हणाली, "साहेब, पूर गेल्यापासनं चार माग पडून हैत." नाईकांनी लिहिलं आणि वाचून दाखवलं, "पुरानंतर आम्ही चार महिने मागे पडलो."

ही तिथनंच ओरडली, "ती माग म्हणाली, मागं न्हाई! माग, कापड इनायचं! आन् म्हयनं तिनं कुटं काढलं?"

अख्खा हॉल खदाखदा हसला. मी खाली बघितलं. सुमननं पदर तोंडाला लावला. अध्यक्ष चिडले.

"आजी, तुमचा नंबर आहे का?"

"नंबर न्हाई. कान हाय."

मला वाटलं, आता पोलीस बोलावतात. पण नाईकांनी ते खोडून परत लिहिलं. पुढल्या साक्षीला अडलं तेव्हा मान वळवून हळूच विचारलं, "आजी, फूग म्हणजे काय?" ही उठून पुढंच गेली. "धरणाचं पानी म्होरनं तुंबलं की नदी मागं सरती आन् फुगती. ती फूग. गालाला येती ती न्हवं." दुपारपर्यंत ती नाईकांच्या शेजारी खुर्ची टाकून बसलेली. मी बाहेर मागाचा खडखडाट ऐकत बसलो होतो. चार वाजले. सकाळधरनं पोटात एक चहा. ज्या कामाला आलो ते काम राहिलं बाजूला आणि ही दुसऱ्यांचे शब्द सरळ करत बसली. त्या दिवशी मला तिचा इतका राग आला की बसस्टँडपर्यंत मी तिच्याशी बोललो नाही. तिला ते कळलंसुद्धा नाही. नाईक कसे सुधारले, हेच सांगत होती.

अध्यक्षांनी तिचं ऐकून घेतलं, पण त्या दिवशी दुरुस्ती केली नाही. "अर्ज द्या. पुढल्या महिन्यात गुरुवारी कोल्हापुरात, राजारामपुरीत, आमची शेवटची बैठक आहे. त्यानंतर याद्या बंद. साक्षीदार स्वतः हजर पाहिजे." तारीख कागदावर लिहून दिली. त्या कागदाची घडी तिनं देवाच्या फळीवर ठेवली, आणि रोज सकाळी मला सांगायची, किती दिवस राहिले.

गुरुवारच्या आदल्या दिवशी ती गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो. अंगणात माणसं बसलेली. रक्षाविसर्जन शुक्रवारी होतं. मी चपला घातल्या तशी सुमन पळत आली.

"आप्पा, कुठं निघालाय?"

"कोल्हापूरला."

"आज? आप्पा, घरातनं पाय काढायचा न्हाई आज. लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. त्येंचंबी कुणीतरी लिवून घेईल."

ती दारात आडवी उभी राहिली, मग माझ्या तोंडाकडं बघितलं आणि बाजूला झाली. मी बस धरली. राजारामपुरीत एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर त्यांचं ऑफिस. खालच्या मजल्यावर पोरांचा क्लास होता, पोरं जिना अडवून उभी. वर पोचेपर्यंत दम लागला. नाईकांनी मला बघितलं आणि माझ्या मागं जिन्याकडं बघितलं.

"आजोबा, आजी कुठायत?"

"काल गेली."

"गेल्या? कुठं?"

"गेली. काल दुपारी."

नाईक खुर्चीतनं उठले. म्हणाले, "काल? आणि तुम्ही आज इथं?"

"तारीख आजची दिल्याली की तुमी."

त्यांनी मला आत अध्यक्षांकडं नेलं. अध्यक्षांनी ऐकून घेतलं, वाईट वाटलं म्हणाले, पाणी द्यायला सांगितलं. मग म्हणाले, "बाबा, साक्षीदार हयात नसेल तर तिची साक्ष आम्हाला बदलता येत नाही. नियमच तसा आहे."

"बदलू नगा. माझी घ्या."

"तुम्ही तेव्हा दिली नव्हती ना?"

"न्हाई. तवा मी चा पीत हुतो."

अध्यक्षांनी नाईकांना लिहून घ्यायची खूण केली. नाईकांनी मशीन पुढं ओढलं. मी सांगितलं. मळी म्हणजे नदीकाठचं रान. तिनं रानाचं सांगितलं, तुम्ही कारखान्याचं लिहिलं. ती कागद घेऊन माझ्याकडं आली होती, वाचून दावा म्हणाली होती. मला भूक लागली होती, म्हणून मी वाचला नाही. चूक तुमची निम्मी आणि माझी निम्मी. तिची काही नाही. ते रान घाण झालेलं नव्हतं. त्यात वांगी होती. ते चांगलं होतं आणि पाण्यात गेलं. ते तुमच्या पहिल्या यादीत घाला.

नाईकांनी कागद काढून पुढं केला. "सही करा, आजोबा."

"वाचून दावा."

ते वाचायला लागले. "माझी मयत पत्नी इंदुबाई हिने आयोगासमोर..."

"मयत खोडा."

"कागदावर लिहावं लागतं ते, आजोबा. आता त्या..."

"ती साक्ष दिली तवा जित्ती हुती. जित्त्या बाईनं सांगितलंय ते. मयत खोडा."

नाईकांनी अध्यक्षांकडं बघितलं. अध्यक्षांनी मान हलवली. नाईकांनी तो शब्द काढला, दुसरा कागद काढला आणि पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली. मध्ये एकदा ते घाईनं वाचायला लागले, तेव्हा मी त्यांना थांबवलं आणि ती ओळ परत वाचायला लावली. खालच्या क्लासातली पोरं सुटली, जिन्यात दंगा झाला, तो थांबेपर्यंत गप्प बसायला लावलं. शेवटच्या शब्दापर्यंत ऐकलं. मग सही केली.